मराठी, अंगठी आणि एका फंक्शनची भाषांतरं

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे एक लहानसं काम आलं. दूध संकलनाचा हिशेब ठेवणारं एक ॲप आहे. गावोगावच्या डेअऱ्यांचे सचिव आणि तिथे दूध घालणारे शेतकरी ते वापरतात. त्याचा जुना सर्व्हर पीएचपी या भाषेत लिहिलेला होता, तो गो या भाषेत न्यायचा होता. त्यातलं पासवर्ड तपासणारं फंक्शन माझ्या वाट्याला आलं. अकरा ओळी. मी म्हटलं, अर्धा दिवस.

अर्ध्या दिवसात झालंही. वीस पासवर्ड घेऊन चाचणी लिहिली. जुन्या फंक्शनचं उत्तर आणि नव्याचं उत्तर तंतोतंत जुळलं पाहिजे, एवढीच अट. वीसही जुळले. कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याने हिरवा कंदील दिला आणि नवा सर्व्हर सुरू झाला.

दोन दिवसांनी तक्रारी यायला लागल्या. दहा दिवसांचं दुधाचं बिल बघायची वेळ होती आणि काही लोकांना ॲपमध्ये शिरताच येत नव्हतं. पासवर्ड चुकीचा आहे, असं ॲप म्हणत होतं. मीटिंगमध्ये मी ठामपणे सांगितलं की लोक पासवर्ड विसरले असतील. मग मदत कक्षातल्या ताईंनी एका सचिवांचा फोन सरळ माझ्याकडेच जोडून दिला.

“काका, पासवर्ड काय आहे ते मला सांगू नका,” मी म्हटलं. “फक्त इंग्रजीत टाकताय की मराठीत, एवढं सांगा.”

“मराठीतच की. सात वर्षं तोच टाकतोय, साहेब. आम्हाला दुसरं कुठलं येतंय?”

फोन ठेवल्यावर मी शेजारच्याला जे म्हणालो ते इथे लिहायला लाज वाटते, पण न लिहून चालणार नाही. मी म्हणालो, “मराठीत पासवर्ड ठेवतंच कोण?”

माझ्या वीस पासवर्डांपैकी एकही मराठीत नव्हता.

त्यानंतरचे काही दिवस मी ऑफिस सुटल्यावर पासवर्डच्या फंक्शनांचा इतिहास वाचत काढले. आपल्यासारखी चूक आणखी कोणी केली आहे का, हे बघायचं होतं. थोडा दिलासा हवा होता, असंही म्हणा. सापडलं ते दिलासा देणारं नव्हतं. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या पासवर्ड फंक्शनाच्या बाबतीत हे दोनदा झालं होतं, आणि माझ्यापेक्षा कितीतरी जाणत्या लोकांच्या हातून.

एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेत नेणं याला आमच्याकडे ‘पोर्ट करणं’ म्हणतात. मला ते भाषांतरच वाटतं. म्हणून भाषांतराची समीक्षा करतात तशी या फंक्शनची करून बघतो: मूळ काय होतं, भाषांतरात काय हरवलं, आणि ते हरवलंय हे इतकी वर्षं कोणाला का कळलं नाही.

मूळ संहिता

आधी एक गैरसमज काढू. पासवर्ड ‘एनक्रिप्ट’ करून ठेवतात असं आपण सहज म्हणतो. एनक्रिप्शन म्हणजे कुलूप. किल्ली असली की उघडतं. पासवर्डचं तसं करत नाहीत, त्याचं दळण करतात. गव्हाचं पीठ होतं, पिठाचे गहू होत नाहीत. सर्व्हर फक्त पीठ जपून ठेवतो. तुम्ही पुन्हा पासवर्ड टाकलात की तो पुन्हा दळतो आणि दोन्ही पिठं सारखी आहेत का ते बघतो. या पिठाला हॅश म्हणतात.

१९७९ साली बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्समधल्या पासवर्डांवर एक निबंध लिहिला. प्रत्येकाच्या दळणात वेगळी चिमूट टाकायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं येईल, ही कल्पना त्यात मांडली आहे. त्या चिमटीला ते मीठच म्हणतात: सॉल्ट. त्यांच्याकडे ४,०९६ प्रकारचं मीठ होतं आणि दळण पंचवीस वेळा व्हायचं. त्या काळच्या यंत्रांना तेवढं पुरत होतं.

वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, नील्स प्रोवोस आणि डेव्हिड माझिएर यांनी युझनिक्सच्या परिषदेत बीक्रिप्ट मांडलं. त्यांच्या निबंधाच्या नावाचा अर्थच ‘भविष्याशी जुळवून घेणारी पासवर्ड पद्धत’ असा होतो. यंत्रं दरवर्षी वेगवान होणार, म्हणजे चोराचं जातंही वेगवान होणार. तेव्हा दळण किती वेळ चालवायचं हा आकडा हॅशमध्येच लिहून ठेवायचा आणि काळाबरोबर तो वाढवत न्यायचा. आकडा एकने वाढवला की काम दुप्पट होतं.

मला हा निबंध फार आवडतो. बहुतेक कोड आज चालावा म्हणून लिहिला जातो. इथे दोन माणसं अजून न बनलेल्या यंत्रांचा विचार करून लिहीत आहेत, आणि पाव शतक उलटल्यावरही त्यांचं फंक्शन जगभर वापरात आहे. त्या फंक्शनच्या पोटात एक गंमतशीर ओळ आहे: ‘ऑर्फियन बिहोल्डर स्क्राय डाउट’, सलग जोडून लिहिलेली, रोमन लिपीतली चोवीस अक्षरं. तुमच्या पासवर्डपासून बनलेल्या किल्लीने हीच ओळ चौसष्ट वेळा एनक्रिप्ट होते आणि त्यातून हॅश निघतो.

या चोवीसकडे लक्ष असू द्या, पुढे लागेल.

मूळ लेखकांनी पासवर्डकडे बाइटांची रांग म्हणून पाहिलं. बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. ती रांग इंग्रजी शब्दाची आहे की आणखी कशाची, याच्याशी फंक्शनला देणंघेणं नाही. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. गडबड झाली ती ही रांग वाचताना.

पहिलं भाषांतर: ऋण आकड्यांची शाई

ओपनवॉल हा सुरक्षेवर काम करणारा जुना, आदराने घेतला जाणारा प्रकल्प. त्याचा कर्ता अलेक्झांडर पेस्ल्याक ‘सोलर डिझायनर’ या नावाने ओळखला जातो. त्याने बीक्रिप्ट स्वतंत्रपणे पुन्हा लिहिलं, वेगवान आणि नेटकं. त्याचं नाव क्रिप्ट-ब्लोफिश. ते अनेक ठिकाणी पोचलं. २००९ पासून पीएचपीच्या पोटातही तेच होतं.

मूळ सी भाषेत, हेही सी भाषेतच. मग भाषांतर कसलं? पण सी भाषेला बोली आहेत. ‘कॅरॅक्टर’ म्हणजे एका बाइटाचा आकडा ० ते २५५ असा वाचायचा की −१२८ ते १२७ असा, हे सी भाषेने ठरवून दिलेलं नाही. ज्याच्या त्याच्या कंपायलरवर सोडलंय. इंटेलच्या नेहमीच्या संगणकांवर दुसरी बोली चालते. म्हणजे तिथे १२७ पर्यंतचे आकडे तसेच राहतात आणि २२४ वाचला जातो −३२ असा.

आता पासवर्ड आत कसा भरतात ते बघा. चार घरांची एक पट्टी कल्पा. नवा बाइट उजव्या घरात येतो आणि आधीचे एकेक घर डावीकडे सरकतात. चार बाइट झाले की पट्टी भरली. अशा अठरा पट्ट्या, म्हणजे ७२ बाइट. पासवर्ड त्याआधी संपला तर शेवटी एक शून्य टाकून पुन्हा पहिल्यापासून भरत जायचं.

बाइट ऋण असला तर? संगणकात लहान ऋण आकडा मोठ्या जागेत ठेवला की डावीकडची रिकामी जागा एकांनी भरून जाते. तो पट्टीत मिसळताना डावीकडच्या तिन्ही घरांवर जणू शाई सांडते. तिथे आधी जे होतं ते गेलं.

इंग्रजी अक्षरं, आकडे, ॲट, हॅश, डॉलर हे सगळे १२७ च्या आतले. त्यांच्यावर शाई कधीच सांडत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह मात्र यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं आणि तिन्ही बाइट १२७ च्या वरचे.

मी कागद घेऊन ‘मराठी’ हा शब्द मांडला. युनिकोडच्या हिशेबात पाच चिन्हं: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. पंधरा बाइट आणि शेवटचं शून्य, एकूण सोळा. बरोबर चार पट्ट्या:

२२४, १६४, १७४, २२४
१६४, १७६, २२४, १६४
१९०, २२४, १६४, १६०
२२४, १६५, १२८, ०

पहिल्या पट्टीत शेवटी २२४ येतो आणि डावीकडे शाई. म ची ओळख सांगणारा १७४ गेला. दुसऱ्या पट्टीत शेवटी १६४, र चा १७६ गेला. तिसऱ्यात शेवटी १६०, कान्याचा १९० गेला. तो १६० स्वतः ठ चा आहे, म्हणून ठ वाचला. चौथ्यात शेवटी शून्य आहे आणि शून्य ऋण नाही, म्हणून त्याच्या शेजारचा १२८, म्हणजे वेलांटी, वाचली. सोळाला चारने भाग जातो, त्यामुळे पुढच्या प्रत्येक फेरीत घरं तीच आणि शाईही तिथेच.

‘मराठी’ मधलं हाती काय राहिलं? ‘ठी’.

मग ‘ठी’ ने संपणारा पाच चिन्हांचा दुसरा शब्द शोधला. अ, अनुस्वार, ग, ठ, दुसरी वेलांटी. ‘अंगठी’ मांडून बघितला. चारही पट्ट्या हुबेहूब त्याच निघाल्या. तेच मीठ असेल तर या फंक्शनच्या लेखी ‘मराठी’ आणि ‘अंगठी’ हा एकच पासवर्ड आहे. एकाच्या खात्यात दुसरा टाकून जाता येईल.

सगळ्याच मराठी शब्दांचं इतकं वाटोळं होत नाही. लांबी चारच्या पटीत बसली नाही तर पुढच्या फेऱ्यांत घरं सरकतात आणि वेगळे बाइट वाचतात. आणि हे फक्त आपलं दुखणं नव्हतं. जर्मन, फ्रेंच, रशियन, ज्याच्या ज्याच्या पासवर्डमध्ये इंग्रजीबाहेरचं चिन्ह होतं, त्या सगळ्यांच्या वाट्याला थोडीफार शाई आली.

ही चूक २०११ च्या जूनमध्ये उघड झाली. तोवर हा कोड दहा वर्षांहून जास्त काळ वापरात होता. दुरुस्ती म्हणाल तर एवढीच, की हा आकडा धन म्हणून वाच असं कंपायलरला सांगायचं.

या कोडसोबत चाचण्या होत्या, आणि चांगल्या होत्या. एका चाचणीतला पासवर्ड मुद्दाम ७२ बाइटांहून लांब आहे आणि ७२ च्या पुढचं दुर्लक्षिलं जातं असं तो पासवर्डच इंग्रजीत सांगतो. इतका बारीक विचार. पण सगळे पासवर्ड १२७ च्या आतले. दुरुस्तीनंतर चाचण्यांत १६३ हा बाइट आला. पश्चिम युरोपच्या जुन्या अक्षरसंचात ते पौंडाचं चिन्ह आहे.

दुसरं भाषांतर: प्रश्नचिन्हं

ओपन-एसएसएचवर काम करणाऱ्या डेमियन मिलर यांनी बीक्रिप्ट जावा भाषेत आणलं. जे-बीक्रिप्ट हे त्याचं नाव.

जावामध्ये बाइट नेहमीच ऋण-धन असतो. तिथे बोलींचा घोळ नाही, खड्डा सगळ्यांना दिसतो. मिलर यांनी तो ओळखला. प्रत्येक बाइट पट्टीत टाकण्याआधी त्याची ऋण बाजू काढून टाकणारी छोटी क्रिया त्यांच्या कोडमध्ये आहे. म्हणजे जिथे पहिलं भाषांतर घसरलं तिथे हे सावध होतं.

पण जावामध्ये शब्द बाइटांचा नसतो, चिन्हांचा असतो. आधी त्याचे बाइट करून घ्यावे लागतात आणि ते कोणत्या पद्धतीने करायचे हे भाषांतरकाराला लिहावं लागतं. सी मध्ये हा प्रश्नच नव्हता, म्हणून मुळात त्याचं उत्तरही नव्हतं. जे-बीक्रिप्टच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तिथे लिहिलं होतं: यूएस-आस्की. अमेरिकी इंग्रजीच्या १२८ चिन्हांचा संच. त्यात न बसणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी जावा मुकाट्याने प्रश्नचिन्ह ठेवते.

‘मराठी’ म्हणजे पाच प्रश्नचिन्हं. ‘अंगठी’ म्हणजे पाच प्रश्नचिन्हं. ‘भाकरी’ म्हणजेही पाच प्रश्नचिन्हं. पहिल्या भाषांतरात निदान ‘ठी’ उरला होता.

२०१० मध्ये दुरुस्त आवृत्ती आली. सोबतच्या सूचनेत चूक न लपवता सांगितली होती: पासवर्ड पूर्णपणे इंग्रजीबाहेरच्या चिन्हांचा असेल, तर तेवढ्याच लांबीचा तसा कोणताही पासवर्ड त्याच्याशी जुळेल.

दोन्ही भाषांतरकार निष्काळजी नव्हते. दोघांच्या चुका तांत्रिकदृष्ट्या अगदी वेगळ्या आहेत. तरी दोघं अशाच जागी चुकले जिथे इंग्रजी लिहिणाऱ्याला काही जाणवणार नाही. कारण पोर्ट बरोबर आहे की नाही हे आम्ही चाचणीवरून ठरवतो, आणि चाचणीतले पासवर्ड लिहिणाऱ्याच्या बोटांतून येतात. कामाला बसलं की ती बोटं इंग्रजीत असतात. माझी, मराठी माणसाची बोटंसुद्धा.

कादंबरीचं भाषांतर फसलं तर वाचक अडखळतो, कोणीतरी मूळ पुस्तक शेजारी ठेवून चूक दाखवतो. पासवर्डच्या फंक्शनला असा वाचक नसतो. चूक झाली तरी ते हो म्हणतं. तुमचा बरोबर पासवर्ड स्वीकारतं, दार उघडतं. परक्याच्या चुकीच्या पासवर्डलाही दार उघडलं जातं, हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

माझं भाषांतर

आता माझ्या अकरा ओळींकडे येतो. ते बीक्रिप्ट नव्हतं, कोणीतरी घरीच बनवलेलं दळण होतं. लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेलेला. त्यात पासवर्ड दळण्याआधी त्याच्यावर यूटीएफ८-डीकोड नावाची क्रिया होत होती. मी ती गाळली. गो मध्ये शब्द यूटीएफ-८ मध्येच असतो, डीकोड कशाला करायचा? चाचण्या जुळत होत्या, तेव्हा ती ओळ निरुपयोगीच असणार.

ती निरुपयोगी नव्हती, घातक होती. नावावरून कळत नाही, पण ती क्रिया शब्दाला पश्चिम युरोपच्या २५६ चिन्हांच्या संचात बसवते आणि न बसणाऱ्या चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवते. या फसव्या नावामुळे लोक ती चुकीची वापरतात, म्हणून पीएचपीने २०२२ मध्ये ८.२ आवृत्तीपासून ती टाळायला सांगितलं आहे.

म्हणजे सात वर्षं काकांच्या पासवर्डची नुसती प्रश्नचिन्हं दळली जात होती. त्याच लांबीचा कुठलाही मराठी शब्द टाकून कोणीही त्यांच्या खात्यात शिरू शकलं असतं. मी चुकून ती ओळ गाळली, फंक्शन सुधारलं, आणि काका बाहेर राहिले.

आमचे लीड म्हणाले, “ती ओळ परत टाक, विषय संपला.”

भाषांतराच्या समीक्षेतला जुनाच प्रश्न माझ्यासमोर होता: मुळातली चूक भाषांतरात आणायची का? आणली तर मुळाशी इमान राहतं, लोक आत जातात आणि भोकही तसंच राहतं. नाही आणली तर फंक्शन बरोबर होतं आणि माणूस दाराबाहेर.

सोलर डिझायनरपुढेही हाच प्रश्न होता, फक्त कितीतरी मोठा. शाई सांडलेले हॅश जगभरच्या सर्व्हरांवर पडून होते. पीठच ते, त्याचे गहू करून पुन्हा दळता येत नाहीत. त्याने २०११ च्या जून-जुलैमध्ये दोन आवृत्त्यांत जो मार्ग काढला तो मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात चांगला भाग वाटतो. बीक्रिप्टचा हॅश तेव्हा ‘२ए’ या खुणेने सुरू व्हायचा. त्याने दोन नव्या खुणा आणल्या. ‘२एक्स’ म्हणजे हा चुकीच्या पद्धतीने दळलेला आहे, तपासताना तीच चूक करून तपासा. ‘२वाय’ म्हणजे हा नक्की बरोबर आहे. चूक पुसली नाही आणि लपवलीही नाही, तिला नाव देऊन ठेवलं. चांगला भाषांतरकार तळटीप देतो ती अशी. पीएचपीत आजही बीक्रिप्टचा हॅश ‘२वाय’ ने सुरू होतो. हजारो मुलं ट्युटोरियल बघून ती खूण रोज डेटाबेसमध्ये साठवतात. ती एका चुकीची कबुली आहे हे मला नोकरीच्या सहाव्या वर्षी कळलं.

मूळ ओपन-बीएसडीच्या आवृत्तीत शाईची चूक कधीच नव्हती, म्हणून त्यांनी या खुणा घेतल्या नाहीत. पण २०१४ मध्ये त्यांच्याच कोडमध्ये पासवर्डची लांबी मोजण्याची वेगळी चूक निघाली, २५५ च्या पुढे मोजमाप पुन्हा शून्यापासून सुरू होणारी. मग त्यांनीही ‘२बी’ आणली. मूळ लेखनालाही तळटीप लागते.

आम्हाला मात्र तळटीप पुरणार नव्हती. जुनं फंक्शन ठेवून, जो आत येईल त्याचा पासवर्ड नव्या पद्धतीने दळून घ्यायचा, ही नेहमीची युक्ती आहे. पण इथे काकांऐवजी दुसराच कोणी त्याच लांबीचा शब्द टाकून आला, तर त्याचा शब्द काकांच्या नावावर कायमचा नोंदला जाणार. लीडना हे कागदावर दाखवलं तेव्हा ते काही क्षण गप्प बसले आणि म्हणाले, “मग?”

मग परवानगी घेऊन मी प्रत्येक खात्यावर नुसती प्रश्नचिन्हं लावून बघितली. चार, पाच, सहा, अशी तीसपर्यंत. कोणाचा पासवर्ड मराठीत आहे आणि त्यात किती चिन्हं आहेत, हे एका दुपारीत कळलं. शंभरावर खाती निघाली. चोराने हेच केलं असतं आणि त्यालाही एकच दुपार लागली असती. त्या खात्यांवर खूण केली, जुना पासवर्ड बंद केला आणि नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवून नवा ठेवायला सांगितला.

अजून न सुटलेलं

शाई आणि प्रश्नचिन्हं गेली म्हणून मराठी पासवर्डचे प्रश्न संपले असं नाही. मघाचे चोवीस आठवा. बीक्रिप्ट ७२ बाइट वाचतं. रोमन लिपीत ती बहात्तर अक्षरं होतात, देवनागरीत चोवीस चिन्हं. ‘उद्या सकाळी लवकर यायचं आहे’ हे वाक्य मधल्या मोकळ्या जागा धरून ७० बाइटांचं आहे. त्यापुढे जागा सोडून ‘का’ लावा नाहीतर ‘ना’ लावा, बीक्रिप्टला दोन्ही सारखेच. लांब वाक्याचा पासवर्ड ठेवा, असा सल्ला सगळे देतात. आपल्या लिपीत तो चार-पाच शब्दांवर संपतो.

दुसरं, ‘दऱ्या’ मधला पापणीसारखा र. हा काही कीबोर्डवर एका चिन्हाने उमटतो, काही कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. फोन बदलला की तोच शब्द चुकीचा ठरू शकतो. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत युनिकोड पासवर्ड स्वीकारावेत आणि दळण्याआधी त्यांचं एकसारखं रूप करून घ्यावं असं म्हटलं आहे. चांगलं आहे. पण ते एकसारखं करणं या अदृश्य जोडचिन्हाला हात लावत नाही. मराठीतला हा र मराठी लिहिणाऱ्यालाच आठवायला हवा.

इतकं वाचून कोणी म्हणेल, मग मराठीत पासवर्ड ठेवूच नये. बँकांची आणि सरकारी संकेतस्थळांची बरीच दारं आज तेच सांगतात: फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि ठरावीक चिन्हं. सोयीचा नियम आहे आणि त्यामागची भीती आता मला समजते. पण तो नियम कोण पाळणार? ज्याला इंग्रजी अक्षरं लावता येत नाहीत, तो मुलाकडून किंवा दुकानदाराकडून पासवर्ड ठेवून घेणार. गुपित दुसऱ्याच्या ओठांवर राहणार. काकांनी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या बोटांनी पासवर्ड ठेवला होता. पासवर्ड म्हणून जे करायला हवं ते त्यांनी बरोबर केलं होतं. चुकलं ते आमचं दळण.

काकांचा ओटीपी पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर गेला. मग मुलाने त्यांना फोन करून सांगायचा, तोवर त्याची मुदत संपायची. तीन वेळा असं झाल्यावर त्यांनी पुन्हा मला गाठलं. मी नंबर बदलून दिला आणि ते आत गेले. बिल बघितलं, फॅटचा एक आकडा चुकलाय म्हणाले, तो माझा विषय नव्हता. फोन ठेवता ठेवता विचारलं,

“साहेब, नवा पण मराठीतच ठेवला तर चालेल ना?”

“चालेल, काका,” मी म्हटलं, आणि त्यांना थांबवून आधी खात्री करून घेतली.

आता त्या फंक्शनच्या चाचण्या सव्वीस आहेत. एकवीस आणि बावीसमध्ये ‘मराठी’ साठवून ‘अंगठी’ ने दार उघडायचा प्रयत्न होतो आणि ते उघडता कामा नये. तेविसावीत तेच उलट. पुढच्या दोनांत दोन प्रकारचा पापणीचा र आहे. शेवटची अजून लालच आहे, तिच्यात ते चोवीस चिन्हांच्या पुढचं वाक्य आहे. मी ती काढलेली नाही.